इंदूर ते बंगळुरू: सहा माणसं, दोन पीएनआर आणि पंधराशे रुपयांचा धडा

आधीच सांगते, बंगळुरू कसं आहे, म्हैसूरला काय पाहावं, हे यात मिळणार नाही. म्हैसूरचा राजवाडा पाहिला, चामुंडी टेकडीवर गेलो, डोसे खाल्ले, कुणी आजारी पडलं नाही. झालं. मला लिहायचंय ते इंदूरच्या विमानतळावर काउंटरसमोर गेलेल्या पस्तीस मिनिटांबद्दल.

नणंदेच्या मुलाची मुंज होती, फेब्रुवारी 2025 मध्ये. आम्ही सहा जण: मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, सासूबाई (वय चौऱ्याहत्तर, एका कानाला यंत्र, दोन्ही गुडघे कामातून गेलेले) आणि आत्या, म्हणजे यांची आत्या, सासूबाईंची नणंद. दोघींचं घरात फारसं पटत नाही, पण प्रवासात एकमेकींशिवाय चालत नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

चूक तिकीट काढतानाच झाली. सहा जणांचं एकत्र तिकीट शोधलं की माणशी 5,890 रुपये दिसत होते. यांनी सहजच चार जणांचं शोधून पाहिलं, तर 5,540. यामागचं गणित असं, की स्वस्त भावाच्या जागा मोजक्याच असतात. चार उरल्या असतील आणि तुम्ही सहा मागितल्या, तर सहाही जणांना वरचा भाव लागतो. म्हणून ह्यांनी चार आणि दोन अशी दोन तिकिटं काढली. 1,400 रुपये वाचले. संध्याकाळी दारात उभं राहून शेजाऱ्यांनाही सांगून झालं. पहिल्या पीएनआरवर (म्हणजे तिकिटाच्या आरक्षण क्रमांकावर) हे, मुलगी, आई (म्हणजे माझ्या सासूबाई) आणि आत्या. दुसऱ्यावर मी आणि मुलगा.

विमान कंपनीच्या संगणकाला आपलं नातं कळत नाही, त्याला फक्त पीएनआर कळतो. दोन पीएनआर म्हणजे त्याच्या लेखी दोन अनोळखी कुटुंबं. आडनाव एक, पत्ता एक, पैसे एकाच कार्डावरून गेलेले, तरी त्याला काही देणंघेणं नाही.

दुसरी चूक वेब चेक-इनची, म्हणजे घरूनच फोनवर नोंद करून सीट घेण्याची. आमच्या कंपनीचं ते उड्डाणाच्या 48 तास आधी उघडत होतं. (सगळ्यांचं सारखं नसतं, आपल्या तिकिटावर बघा.) आम्ही ते केलं आदल्या रात्री साडेअकराला, बॅगा भरून झाल्यावर. समोर आला सीटांचा नकाशा, प्रत्येक चौकोनावर भाव लिहिलेला. मधली सीट 350, खिडकी 450, पुढच्या रांगा 750 च्या वर. फुकट असं एकही घर नाही. बघणाऱ्याला वाटावं की काहीतरी घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. 'सीट न निवडता पुढे जा' हे तळाशी, राखाडी अक्षरात, अंगठ्याखाली झाकलं जाईल इतकं बारीक. आम्हाला ते दिसलं, आम्ही दाबलं आणि संगणकाने सीटा वाटल्या. मी 19ई, मुलगा 19एफ. हे 11बी, मुलगी 11ए. आत्या 6ई. आणि आई 28बी, म्हणजे शेवटाकडच्या रांगेत, मधली सीट, दोन्ही बाजूंना परके.

यांचं म्हणणं, "काउंटरवर सांगू, करतील." सगळेच असं सांगतात. यांच्या ऑफिसातल्या एकाने तर छातीठोक सांगितलं होतं, की म्हातारी माणसं असली की कंपनी स्वतःहून एकत्र बसवते. अजिबात बसवत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत नियम आहे, तो मला परत आल्यावर कळला. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) विमान कंपन्यांना सांगितलंय, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. आता आमच्या सीटा पुन्हा वाचा. मुलगी बापाजवळ, मुलगा आईजवळ. नियम काटेकोर पाळला गेला. आजीचा त्यात उल्लेखच नाही. आणि उद्या कुणी पैसे वाचवायला आईबाप एका पीएनआरवर आणि मूल आजोबांबरोबर दुसऱ्यावर असं केलं, तर मूल आजोबांजवळ येईल, आईजवळ येईलच असं नाही.

तर विमानतळ. उड्डाण 10:20 चं, आम्ही 8:40 ला आत. आमच्या लोकमान्यनगरहून फार लांब नाही, बिजासन टेकडीच्या बाजूला, पण सहा माणसं आणि मुंजीचा आहेर म्हटल्यावर दोन गाड्या कराव्या लागल्या. काउंटरवरच्या मुलीला सगळं नीट सांगितलं. आईंना ऐकू कमी येतं, रक्तदाबाची गोळी अकराला लागते, गोळी माझ्या पर्समध्ये आहे. तिने खटखट केलं आणि म्हणाली, "मॅम, फ्लाइट फुल है." मग थोडं थांबून, "थ्री ए, थ्री बी है, लेकिन चार्जेबल. साढ़े सात सौ एक का."

मी म्हटलं, विमान फुल्ल आहे तर या दोन कुठून आल्या? ती म्हणाली, त्या 'प्रीफर्ड' आहेत. म्हणजे फुल्ल याचा अर्थ फुकटातल्या संपल्या, असं धरायचं. मी सुपरवायझरला बोलवायला सांगितलं. तो आला वीस मिनिटांनी. तेवढ्यात मागे रांग वाढली, मुलाला शू लागली, आत्या मोठ्याने म्हणाल्या, "मी एकटी बसते गं, मला काय धाड भरलीय," आणि आईंना ते नेमकं ऐकू आलं. शेवटी काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं राहिली (देशांतर्गत विमानाला ते तासभर आधी बंद होतं) आणि यांनी मुकाट्याने कार्ड पुढे केलं. पंधराशे रुपये. वाचवले होते चौदाशे.

आता खरी गोष्ट ऐका. विमानात बसलो. दार लागलं. माझ्या बरोब्बर मागची रांग, 20 डी, ई, एफ, तिन्ही सीटा रिकाम्या. इंदूर ते बंगळुरू रिकाम्या. मी दर दहा मिनिटांनी मान वळवून बघत होते, जसं काही कुणी मध्येच चढणार होतं. उड्डाणानंतर हवाई सुंदरीला विचारलं, ती म्हणाली, "हां हां, बैठ सकते हैं," आणि मुलगी लगेच तिथे जाऊन आडवी झाली. त्या जागा कुणी आलंच नाही म्हणून रिकाम्या राहिल्या असतील, काउंटरवरच्या मुलीला ते आधी कसं कळणार, हे मला आज कळतं. त्या दिवशी कळत नव्हतं. अकरा वाजता गोळी घेऊन मी एकोणिसाव्या रांगेतून तिसऱ्या रांगेत चालत गेले, तर दोघी जणी खिडकीतून ढग बघत दाण्याचा लाडू अर्धा-अर्धा करून खात होत्या. आईंनी कानाचं यंत्र काढून रुमालात बांधून ठेवलं होतं. म्हणाल्या, "आवाज फार करतं विमान."

माझं स्पष्ट मत: काउंटरवर पैसे भरू नका. भरायचेच असतील तर तिकीट काढताना भरा, वेब चेक-इनला 350 ची झालेली मधली सीट तेव्हा 200 ला दिसत होती. नाहीतर दार लागेपर्यंत कळ काढा. अपवाद एकच, सोबतचं माणूस खरंच एकटं बसू शकत नसेल तर.

व्हीलचेअरचं सांगते. ती तिकिटाबरोबरच मागून ठेवा, काउंटरवर जाऊन नव्हे. आम्ही आईंसाठी मागायला विसरलो, कारण त्यांना ती नको असते, "मी काय पांगळी आहे?" परतीला मात्र न विचारता मागितली. व्हीलचेअरवाल्यांना आधी चढवतात, सोबतचा माणूसही बरोबर जातो, आणि सीटेबद्दल बोलायला गर्दीच्या आधी दोन मिनिटं मिळतात. उतरताना मात्र सगळ्यांत शेवटी, हे लक्षात ठेवा. गुडघे धडधाकट असताना रांग चुकवायला व्हीलचेअर मागणारे आमच्या इंदुरातही कमी नाहीत. त्यांच्यामुळे खऱ्या गरजूला अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं.

आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरायला जागा असते म्हणून ती बघून ठेवू नका. मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, कुणालाच तिथे बसता येत नाही. आणि तान्हं बाळ मांडीवर असेल तर ऑक्सिजनचा जादा मास्क लागतो. तो तीन सीटांच्या संचात साधारण एकच जास्तीचा असतो, म्हणून दोन बाळंवाल्या बहिणी शेजारी-शेजारी बसू शकत नाहीत. आमच्या पुढे रांगेत अशा दोघी होत्या आणि त्या काउंटरवरच्या मुलीवर उगाच चिडल्या होत्या.

विमानात अदलाबदल मागायची तर जशास तशी मागा. कडेची घ्या, कडेची द्या. मधली सीट देऊन कुणाची खिडकी मागू नका. पैसे भरून घेतलेली असेल तर तो नाही म्हणणार, आणि बरोबरच आहे त्याचं. मी जाताना एका कानात गाणी घातलेल्या मुलाला तसं विचारलं, त्याने नाही म्हणून मान हलवली. मला दिवसभर राग होता. आता नाही.

परतीचं तिकीट मुळात एकाच पीएनआरवर होतं, सहाही जणांचं, बंगळुरू–नागपूर–इंदूर. आणि या वेळी मी ठरवलं होतं, 48 तास म्हणजे 48 तास. उड्डाण दुपारी 1:10 चं, म्हणून वेब चेक-इन उघडणार दोन दिवस आधी 1:10 ला. तेव्हा कार्यालयात मातृभोजन चालू होतं. बटू आईच्या मांडीवर, नणंद घास भरवतेय, फोटोवाला सगळ्यांना "इकडे बघा" म्हणतोय, आणि मी खांबाआड फोनवर. 1:09 ला फोन रीफ्रेश करत होते. आत्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, नंतर दोन दिवस बोलल्या.

पण सीटा! 21 ए, बी, सी आणि 21 डी, ई, एफ. अख्खी रांग. एक पैसा न देता. मी कार्यालयातच ओरडले. हे म्हणतात नशीब, सीटा वाटणं संगणकाच्या हातात असतं, लवकर केलं म्हणून एकत्र मिळतीलच असं कुठे लिहिलेलं नाही. ते खरं असेल. मी तरी यापुढे गजर लावणार.

नागपूर–इंदूर विमान एटीआर होतं, पंख्याचं, सत्तरएक सीटांचं. त्यात दोन-दोनच सीटा असतात आणि अक्षरं ए, सी, डी, एफ. बी नसतोच. आई "बी कुठेय, बी कुठेय" करत मागून पुढे गेल्या, पुढून मागे आल्या. चौकोनी कुटुंबाला एटीआरसारखं विमान नाही. चौघं एका रांगेत, मध्ये फक्त वाट. सहा जण असाल तर मागची-पुढची रांग. फक्त एक, प्रवाशांचं दार मागे असतं. हौसेने पैसे भरून पहिली रांग घेतलीत तर चढताना सगळं विमान ओलांडाल आणि उतराल सगळ्यांच्या शेवटी. म्हाताऱ्या माणसांना मागच्या सीटा बघा. आणि रिकामी सीट दिसली म्हणून उड्डाणाआधी उठून बसू नका, बसू देत नाहीत. लहान विमानात वजनाचा तोल बघून माणसं बसवलेली असतात. मुलाला मी उचलून पुढे नेत होते तर चांगली बोलणी खाल्ली.

इंदूरला आल्यावर सराफ्यात (रात्री तिथे खाऊगल्ली भरते) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जायचं ठरलं होतं, कुणात त्राण नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर मी तक्रार लिहायला बसले. विमान कंपनीला आधी, मग सरकारच्या एअरसेवावर. तिथे तक्रार ऑनलाइन नोंदवता येते, तिकीट आणि पावती जवळ ठेवा. सीट, सामान, जेवण हे वेगळे पैसे घेऊन विकायची कंपन्यांना परवानगी आहे, पण प्रवाशाने स्वतःहून निवडलं तरच. आणि ज्याने सीट निवडली नाही त्याला वेब चेक-इनमध्ये आपोआप सीट मिळायची सोय हवी, असं डीजीसीएचं परिपत्रक आहे. सोय होती, मान्य. राखाडी अक्षरात होती. ग्राहकाला चकवणाऱ्या अशा पडद्यांबद्दल ग्राहक खात्याने नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अशा चलाखीचे तेरा प्रकार दिलेत. मी ते सगळं तक्रारीत घातलं, दोन पडद्यांचे फोटोही जोडले.

नवव्या दिवशी उत्तर आलं. 3ए आणि 3बी या सीटा प्रवाशाने स्वेच्छेने घेतल्या आणि वापरल्या, सबब परतावा देता येत नाही. आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पण जागा छान होती हो."