३५ डॉलरचं पाकीट

सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले आणि इंटरनेटच्या पॅकेजबरोबर गळ्यात पडलेला आमचा लँडलाइन पहिल्यांदाच कुणीतरी उचलू लागलं. एका संध्याकाळी कामावरून आले तर बाबा म्हणाले, "अगं, पोलिसांचा फोन होता. जखमी पोलिसांच्या घरच्यांसाठी पैसे मागत होता. मी हो म्हटलं. परक्या मुलखात पोलिसांना नाही कसं म्हणायचं?"

नशीब, कार्डाचा नंबर दिला नव्हता. नाव-पत्ता मात्र सांगून बसले होते.

आठवड्याभरात पाकीट आलं. आत बिलासारखा कागद, 'कबूल केलेल्या ३५ डॉलरबद्दल आभार', आणि गाडीच्या काचेला लावायचा ढालीच्या आकाराचा सोनेरी स्टिकर. न्यू जर्सीत पोलीस संघटनेची कार्डं खिशात बाळगणारे कमी नाहीत. ट्रॅफिकवाल्यानं अडवलं तर कामी येईल ही आशा. खोटं कशाला बोलू, ३५ डॉलरमध्ये स्टिकर वाईट नाही असं मलाही क्षणभर वाटलं.

मग चष्मा लावून कागदाचा तळ वाचला. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की या देणगीवर करसवलत नाही. धर्मादाय संस्था आणि करसवलत नाही? आयआरएसच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या साइटवर करमुक्त संस्था नावानं शोधता येतात. तिथे हे नाव नव्हतंच. सापडलं ते फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर. संस्था नव्हे, पीएसी, म्हणजे राजकीय निधी गोळा करणारी समिती! खर्चाच्या रकान्यात ओळीनं फोन करणाऱ्या कंपन्यांची बिलं. जखमी पोलिसांचं घर कुठे दिसेना.

टाउनशिपच्या पोलीस ठाण्याला फोन केला, आणीबाणीचा ९११ नव्हे, साधा नंबर. ड्यूटीवरचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "खातं कुणाकडे फोनवर पैसे मागत नाही. युनियन कधीकधी मागते, पण मग आम्हाला विचारून खात्री करा." रोज चार जणांना हेच सांगत असावा.

आपला नंबर 'डू नॉट कॉल' यादीत, म्हणजे विक्रीचे फोन नकोत म्हणणाऱ्यांच्या सरकारी यादीत आहे म्हणून मी निर्धास्त होते. तेही चुकलं. धर्मादाय आणि राजकीय फोन त्या यादीच्या बाहेर असतात.

पुढचा फोन मी घेतला. गोड, खर्जातला आवाज. विचारलं, "आमच्या ठाण्याचा पत्ता सांगाल?" तो हसला, "हा हा, चांगला प्रश्न!" आणि भाषण पुढे चालू. म्हटलं, "तुम्ही माणूस आहात की मशीन?" पुन्हा तेच हसणं, त्याच जागी घेतलेल्या श्वासासकट. याला साउंडबोर्ड म्हणतात. पलीकडे माणूस असतो, पण तो बोलत नाही, रेकॉर्ड केलेल्या वाक्यांची बटणं दाबतो. २०२१ मध्ये एफटीसी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारी केंद्रीय संस्था, आणि ३८ राज्यांनी मिशिगनमधल्या ज्या कंपनीला धरलं, तीही हेच तंत्र वापरायची. १३० कोटी फोन, ११ कोटी डॉलरची वसुली, आणि काही देणग्यांत डॉलरमागे ९० सेंटपर्यंत फोनवाल्यांच्याच खिशात.

मी पैसे पाठवले नाहीत. फोनवरच्या 'हो'चं कर्ज होत नाही. एफटीसीच्या साइटवर तक्रार टाकली, दहा मिनिटं लागली. पाकिटाचा फोटो काढून ठेवला होता, तो राज्याच्या ग्राहक खात्याला पाठवला. स्टिकर बाबांनी परतीच्या बॅगेत टाकला, नातवाला दाखवायला.

बाबांना समजावताना मला वाटलं होतं त्यांना अपमान वाटेल. ते उलट खूश. "तिकडे डिजिटल अरेस्ट म्हणून घाबरवतात, इकडे पोलिसांची दया आणून लुटतात. पण पोलीस दोन्हीकडे!"

गेल्या रविवारी पुन्हा घंटी वाजली. मी उठायच्या आत बाबांनी रिसीव्हर उचलला, स्पीकर लावला आणि शुद्ध सातारी मराठीत विचारलं, "काय रं, गाव कंचं तुझं?"

"हा हा," पलीकडून उत्तर आलं, "चांगला प्रश्न!"