औंध: ७२ गावांचं संस्थान आणि तिथली माणसं

पुण्यातलं औंध वेगळं. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. डोंगरावर मूळपीठ यमाई आणि पायथ्याला गाव. संस्थान होतं तेव्हाही पसारा ७२ गावांचाच, तोही तुकड्यातुकड्यांत: आटपाडी दुष्काळी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, गुणदाळ तर पार विजापूरकडे. एवढ्याशा जागी इतकी मोठी माणसं आली कशी, याचं उत्तर माझ्या मते एकच आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी माणूस पारखत आणि त्याला पाय टेकायला जागा देत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा १९१० साली त्यांना कुंडलजवळचा माळ मिळाला. निवडुंग माजलेला, सापांनी भरलेला. तीच आजची किर्लोस्करवाडी. तिथला लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना. लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता.

वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधात आले आणि १९४८ पर्यंत राहिले. त्यांच्या स्वाध्याय मंडळाची वेदांची शुद्ध छपाई इथूनच व्हायची, 'पुरुषार्थ' मासिकही. अंतुबुवा आणि गजाननबुवा जोशी या बापलेकांमुळे ग्वाल्हेर गायकी इथे रुजली. इथला संगीत महोत्सव आजही होतो.

राजे स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी डोंगराच्या उतारावर भवानी संग्रहालय बांधलं. तिथे राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्प 'आई आणि मूल'सुद्धा आहे. बघायला गेलात तर आधी मान वर करून छताकडे बघा. उजेड वरून चित्रावर उतरतो, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. बांधतानाच केलेला हा विचार मला तिथल्या कुठल्याही चित्राइतकाच मोलाचा वाटतो.

सूर्यनमस्कारांचा ध्यासही याच राजांचा. संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे होते.

पण सगळ्यांत मोठं काम १९३९ सालचं. गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना जानेवारीत लागू झाली आणि राजानं आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली. रचना खालून वर जाणारी: गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती, तिथून विधिमंडळावर प्रतिनिधी. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन या कामात गुंतलेले होते. फ्रीडमन यांनीच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवायला हातभार लावला. तिथे गजाआड न ठेवता कैदी शेती करत. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाचं मूळ तेच. तो लिहिला गदिमांनी, आणि गदिमा शिकले औंधच्या शाळेत.

पुढे बेचाळीसच्या चळवळीत प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या सरकारचं, केंद्र बनलेलं कुंडल हेही औंध संस्थानातलंच गाव. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी सातवळेकर स्वाध्याय मंडळ घेऊन गुजरातेत पारडीला गेले.