मशीनवरची पट्टी आणि नवी वेबसाइट

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पेरणी यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. मे महिन्यात त्यांनी वेबसाइट नव्यानं करून घेतली. मृगाचा पाऊस पडला आणि अंबड, परतूर, मंठा, सेलू असे चहूकडून फोन सुरू झाले. "शेठ, मशीनवरच्या पट्टीचा कोड स्कॅन करायलोत, पण पानच उघडीना गेलंय. सोयाबीनला कोणती तबकडी लावायची ते सांगा." साइट तपासायला आम्ही पोहोचलो तेव्हा ऑफिसातली माणसं बाकी कामं सोडून तबकड्यांचे नंबर सांगत बसली होती.

हे पान एवढं महत्त्वाचं का, ते आधी सांगतो. बियाण्याच्या पेटीखाली एक तबकडी फिरते आणि तिच्या खाचांतून बी खाली पडतं. सोयाबीन, तूर, कपाशी, मका यांच्या बियांचा आकार वेगळा, म्हणून तबकड्याही वेगळ्या. खाच मोठी झाली तर एका जागी दोन-दोन बिया पडतात. लहान झाली तर बी अडकून चिरडतं, आणि सोयाबीनचं टरफल पातळ असल्यानं ते आधी फुटतं. कोणत्या पिकाला कोणती तबकडी आणि कोणतं दातेरी चाक, याचा तक्ता जुन्या वेबसाइटवर होता. त्याच पानाचा क्यूआर कोड अॅल्युमिनियमच्या पट्टीवर छापून प्रत्येक यंत्रावर रिव्हेट मारून बसवला होता. यंत्रं गावोगावी गेली, पट्ट्या आता बदलता येणार नाहीत.

नवी साइट दिसायला देखणी होती. तपासताना पहिलं काम केलं ते गोदामातल्या एका यंत्राची पट्टी स्कॅन करण्याचं, तेही ऑफिसचं वायफाय बंद करून, सिमकार्डाच्या इंटरनेटवर. आधी 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला. तो ओलांडला तर पुढे ४०४, म्हणजे 'असं पानच नाही'. म्हणजे दोष दोन होते आणि एक दुसऱ्याच्या आड लपला होता.

पहिला दोष सुरक्षा प्रमाणपत्राचा, म्हणजे साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याचा. पट्टीवरचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूने सुरू होतो, पण नवं प्रमाणपत्र घेतलं होतं ते फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावासाठी. साइट करणाऱ्यानं एका नावावरून दुसऱ्यावर वळवण्याची सोय केली होती, पण तिचा इथे उपयोग नाही. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो आणि वळवणं नंतर होतं, त्यामुळे गिऱ्हाईक दारातच अडतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि त्यात दोन्ही नावं घालता येतात. ते जास्तीत जास्त ९० दिवसांचं असतं, म्हणून आपोआप नूतनीकरण चालू आहे का ते त्याच वेळी बघून घ्यायचं.

दुसरा दोष जुन्या पत्त्यांचा. जुनी साइट पीएचपीत लिहिलेली, तिथे यंत्राच्या पानाचा पत्ता प्रश्नचिन्हापुढे 'आयडी बरोबर ७' अशा शेपटीचा. नवी साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार प्रणालीवर, तिथले पत्ते यंत्राच्या नावाचे. जुने पत्ते नव्याला जोडून देण्याचं कामच झालं नव्हतं. घर बदललं आणि पोस्टमनला सांगायचं राहिलं, त्यातला प्रकार.

हे जोडकाम सर्व्हरवरच्या एचटीअॅक्सेस नावाच्या सूचनांच्या फाइलमध्ये होतं, पण एक मेख आहे. साधी 'रिडायरेक्ट' ओळ प्रश्नचिन्हापुढचा भाग बघतच नाही. आयडी १ असो की ७, तिच्या लेखी पत्ता एकच. त्यासाठी 'रीराइट कंडिशन' या अटीच्या ओळीत क्वेरी स्ट्रिंग, म्हणजे ती प्रश्नचिन्हापुढची शेपटी, तपासावी लागते, प्रत्येक आयडीला वेगळी जोडी, आणि नव्या पत्त्याच्या शेवटी रिकामं प्रश्नचिन्ह, नाहीतर जुनी शेपटी सोबत येते. या ओळी वर्डप्रेसच्या स्वतःच्या ओळींच्या वर लिहायच्या. सुरुवातीला ३०२, म्हणजे तात्पुरतं वळवणं, ठेवून फोनवर तपासायचं, नीट चाललं की ३०१, म्हणजे कायमचं, करायचं. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यात चूक राहिली तर ती त्या फोनमध्ये चिकटून बसते. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठावर वळवणं हा आळस आहे. पेरणी यंत्रापाशी उभ्या माणसाला तबकडीचा नंबर हवाय, कंपनीची परंपरा नव्हे. गूगलही अशा वळवण्याला बहुधा 'पान नाही' असंच धरतं.

कोणकोणते आयडी वापरात आहेत ते सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमधून, म्हणजे कोणतं पान मागितलं गेलं त्याच्या नोंदींतून, काढलं. ४०४ आलेल्या ओळी वेगळ्या केल्या की यादी समोर येते. तिच्यात जुनं माहितीपत्रक आणि सुट्या भागांची पीडीएफ पण सापडली. डीलर लोक व्हॉट्सअॅपवर तीच लिंक फिरवत होते.

तक्ता नव्या साइटवर होता, पण माहितीपत्रकाचा फोटो म्हणून. ४००० पिक्सेल रुंद, साडेपाच एमबीचा. शिवारात जिथे नेटवर्कची एकच काडी दिसते तिथे तो उघडायचा कधी? फोटो का टाकला, त्याचंही कारण होतं. माहितीपत्रक छापखान्याच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होतं, तिथला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. अशा वेळी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यायचा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. आकडे तर दोनदा. तक्ता अक्षरांत टाकल्यावर पान काही केबींचं झालं. यंत्रांचे फोटो १२०० पिक्सेल रुंद आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात केले की दीड-दोनशे केबीत बसतात.

बाकीच्या गोष्टी नेहमीच्याच. वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये शोधयंत्रांना मनाई करणारी खूण साइट तयार होईपर्यंत ठेवतात, ती तशीच राहिली होती, म्हणून गूगलमध्ये नवी पानं येईनात. चौकशीचा फॉर्म गिऱ्हाइकाच्याच ईमेल पत्त्यावरून पत्र पाठवल्याचं दाखवत होता, त्यामुळे पत्रं स्पॅममध्ये किंवा परत. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये (उत्तर जाईल तो पत्ता), आणि पत्र खरंच आपलं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी डोमेनला, एवढं हवं.

डोमेनची नोंदणी मात्र साइट करणाऱ्याच्या खासगी ईमेलवर निघाली. शेठना याचा पत्ताच नव्हता. "पैसे तर मीच दिले ना?" पैसे कुणीही दिले तरी नूतनीकरणाची सूचना नोंदवलेल्या ईमेलवर जाते आणि पासवर्डही त्यावरूनच बदलतो. डोमेन गेलं तर गावोगावच्या पट्ट्यांवरचे कोड दुसऱ्या कुणाची तरी साइट उघडतील. त्याच दुपारी नोंदणी कारखान्याच्या नावावर आणि कारखान्याच्या ईमेलवर करून घेतली.

पुढच्या हंगामाच्या पट्ट्यांची ऑर्डर अजून गेली नव्हती. नव्या कोडमध्ये पानाचा पत्ता नाही, तर आपल्याच डोमेनवरचा छोटा पत्ता घातला, शेवटी फक्त यंत्राचा क्रमांक. तो कुठे वळवायचा ते सर्व्हरवर ठरतं, साइट पुन्हा बदलली तरी पट्टी तीच चालते. फुकट कोड बनवून देणाऱ्या साइटींचे, मध्ये त्यांच्याच साइटवरून जाणारे बदलते कोड घेऊ नका असं छपाईवाल्यालाही बजावलं, कारण मुदत संपली की त्यांतले काही बंद पडतात. चुकदुरुस्तीची पातळी 'एच' ठेवली, म्हणजे कोडचा सुमारे ३० टक्के भाग चिखलानं झाकला किंवा खरवडला तरी वाचता येतो. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकटींइतकी कोरी कड सोडली आणि रिव्हेटचं भोक त्या कडेच्या बाहेर घेतलं.