लाल रकाना

रात्री पावणेदोनला तुलनेचा स्क्रीन उघडला तर शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत लालभडक. १२० पैकी १२० ओळी. म्हटलं, पोरगं झोपलं वाटतं शिफ्टमध्ये.

आमचं काम थोडक्यात सांगते. पुण्यात बसून आम्ही अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल सामन्यांचं टॅगिंग करतो. पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे एक ओळ, आणि एका पिचरची एक फाइल. तीच फाइल दोघंजण एकमेकांना न विचारता भरतात. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे ओळ लाल होते, आणि ती लाली पुसायला तिसरं माणूस लागतं. ती तिसरी मी. नातेवाइकांना वाटतं, आम्हाला रात्रभर मॅच बघायचे पैसे मिळतात. खरं सांगायचं तर कोण जिंकलं हे शिफ्ट संपेपर्यंत माझ्या लक्षातही येत नाही.

जुनं चित्रीकरण म्हणजे डोक्याला ताप. धूसर चित्र, त्यात रिप्ले दाखवायच्या नादात पुढचा चेंडूच गायब. मग आधीचे बॉल-स्ट्राइक, म्हणजे वाईट आणि चांगल्या चेंडूंची मोजणी, आणि नंतरचे बॉल-स्ट्राइक जुळवून मधली ओळ शोधायची. चेंडूचा प्रकार ओळखणं त्याहून अवघड. चेंजअपमध्ये हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो. धूसर चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, चेंडूकडे बघू नका, बॅटरच्या पुढच्या गुडघ्याकडे बघा. फसला असेल तर गुडघा आधीच वाकलेला असतो. ही युक्ती माझी स्वतःची. ट्रेनिंगच्या स्लाइडवर ती आहे, माझं नाव नाही. असो.

त्या रात्रीची फाइल १० सप्टेंबर १९९९ची होती. यँकी स्टेडियम, बॉस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ. न्यूयॉर्कचे १७ जण त्याने स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद. अख्ख्या सामन्यात एकच हिट दिली, चिली डेव्हिसचा होमरन (आपल्या षटकारासारखा), आणि त्यानंतरचे सलग २२ बॅटर बाद. बॉस्टन ३-१ने जिंकलं. एकूण चेंडू १२०. आपल्या हिशेबात सांगायचं तर टी-ट्वेंटीचा अख्खा डाव एकट्याने टाकला, आणि तोही न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांपुढे.

ही फाइल मी मुद्दाम मागून घेतली होती, कारण १९९९ साल माझ्या डोक्यातून जात नाही. त्या मोसमात पेद्रोचे २३ विजय, ४ पराभव, ३१३ स्ट्राइकआउट. तरी अमेरिकन लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर ठरला टेक्ससचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा, इव्हान रॉड्रिगेझ, २५२ विरुद्ध २३९ गुणांनी. पहिल्या क्रमांकाची मतं पेद्रोला जास्त होती, ८, रॉड्रिगेझला ७. मतदार २८ पत्रकार, प्रत्येकाने दहा नावं लिहायची. त्यातल्या दोघांनी पेद्रोचं नाव दहातही घेतलं नाही. पिचर रोज खेळत नाही आणि पिचरांसाठी साय यंग पुरस्कार वेगळा आहे, हे त्यांचं म्हणणं. त्या दोघांपैकी न्यूयॉर्कच्या पत्रकाराने आदल्याच वर्षी दोन पिचर आपल्या यादीत घातले होते! मतपत्रिकेसोबत येणाऱ्या सूचनांत पिचरही पात्र आहेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सूचना कोण वाचतं? आमच्याकडेही वाचत नाहीत.

चौथ्या क्रमांकाला ७ गुण मिळतात. बाकी सगळं तसंच ठेवून त्या दोघांनी पेद्रोला नुसतं चौथं लिहिलं असतं तरी २३९ अधिक १४, म्हणजे २५३. एका गुणाने जिंकला असता. हे गणित मी चहाच्या टेबलावर इतक्या वेळा मांडलंय की आमचा लीड कप उचलून दुसरीकडे जाऊन बसतो. ‘रोज खेळत नाही’ याला माझं उत्तर ठरलेलं आहे: दिवस मोजू नका, गाठी मोजा. पेद्रोने त्या मोसमात ८३५ बॅटरचा सामना केला. रॉड्रिगेझ बॅट घेऊन उभा राहिला ६३० वेळा. मग कोण जास्त खेळलं?

तर, लाल रकाना. तो होता ‘इतर सहभागी खेळाडू’ हा. चेंडू मारला गेल्यावर, किंवा कुणी पुढच्या बेसकडे चोरून पळाल्यावर, ज्याने चेंडू अडवला किंवा फेकला त्याचं नाव तिथे घालायचं, नाहीतर मोकळं सोडायचं. या मुलाने १२०च्या १२० ओळींत कॅचरचं नाव घातलं होतं. मुलगा बार्शीचा, दोन महिने झाले लागून. बोलावलं.

“अरे, हे काय केलंस?”

“ताई, प्रत्येक चेंडू त्यानंच मागितलाय की. बोटं दिसत्यात ना खाली. आणि पहिलीच ओव्हर बघा.”

“इनिंग.”

“इनिंग. पहिल्याच माणसाला पेद्रोनं चेंडू मारला अंगावर. तो फुकटात पहिल्या बेसवर. मग दुसऱ्याकडं पळाला, कॅचरनं फेकून बाद केला. ते फेडलं कुणी? आणि स्ट्राइकआउटचा पुटआउट, म्हणजे बाद केल्याची नोंद, नियमात कॅचरच्या नावावर लागतोय. सतराच्या सतरा. मी वाचलंय.”

नियम खरा आहे. आणि त्याने वाचलाय, ही या मजल्यावरची दुर्मीळ गोष्ट. नंतर कळलं, कॉलेजच्या टीमचा हा विकेटकीपर. मॅन ऑफ द मॅच कधी? “आम्हाला कोण देतंय ताई.”

मी म्हटलं, आपल्याकडे २०२४च्या वर्ल्डकपमध्ये बुमरालाच दिलं की प्लेअर ऑफ द टूर्नामेंट. तो म्हणाला, “बॉलरला देत्यात हो. मी मागं उभारणाऱ्याचं बोलतोय.”

माझे ते ८३५ आणि ६३० तेव्हा मला जरा विचित्र दिसायला लागले. पेद्रोच्या बाजूला मी त्याची बॉलिंग धरली होती आणि रॉड्रिगेझच्या बाजूला फक्त बॅटिंग. तो माणूस १४४ सामने खेळला, जवळजवळ सगळे कॅचर म्हणून. त्यातला प्रत्येक चेंडू गुडघे मोडून घेतला. ते माझ्या कुठल्याच आकड्यात नव्हतं. पेद्रोवर अन्याय झाला, हे मी अजूनही म्हणते. फक्त रॉड्रिगेझने पुरस्कार ‘लाटला’ म्हणायचे, ते आता तोंडातून निघत नाही.

क्लायंटला मेल टाकला. पहाटे उत्तर आलं: गाइडलाइनप्रमाणे करा. मी रकाना निवडला आणि पुसला. चोरून पळणाऱ्याला बाद केलं ती एक नोंद राहू दिली, ती नियमात बसते. बाकीची सगळी गेली. मुलाची अचूकता घसरली आणि सोमवारी तो रिफ्रेशरला बसला. शिकवायला मीच.

पहिली स्लाइड, बॅटरच्या गुडघ्याकडे बघा. त्याने हात वर केला.

“ताई, कॅचर पण तिथंच बघत असतोय ना?”