पावणेपाचचं खाणं

पहाटे पावणेपाचला, घरातल्या कुणालाही न उठवता, काय खाता येतं हा माझा गेल्या चारेक वर्षांचा संशोधनाचा विषय आहे. साडेपाचला पुण्यातल्या कोंढव्यात सगळे सायकली घेऊन जमतात, मग येवलेवाडी, बोपदेव घाट आणि रविवार असेल तर पुढे सासवड. त्याआधी पोटात काहीतरी ढकलायचं, एवढाच काय तो प्रश्न.

सुरुवातीला वाटायचं की घाट चढायचाय म्हणजे दणकून खाल्लं पाहिजे. आदल्या रात्रीचे कांदेपोहे होते, ते डिशभर गरम करून खाल्ले, वर दाणे जरा जास्तच घेतले आणि पंधराव्या मिनिटाला सायकलवर. घाट सुरू झाला आणि कांदा घशाशी आला. दाण्यातलं तेल पचायला वेळ लागतो, त्यात चढावर सगळं रक्त पायांकडे धावतं, पोटाकडे बघायला कुणाला वेळ नसतो, हे सगळं नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की आपण कठड्यापाशी उभे आहोत आणि शेजारून साठीचे काका टुकटुक पायडल मारत पुढे गेलेत, वर "काय, फोटो काढताय का?" असंही विचारून गेलेत.

मग दुसरं टोक. नुसता चहा. खरं तर तासाभराची राईड उपाशीपोटी आरामात होते, कारण रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा उतरतो पण स्नायूंमधला बराचसा शाबूत असतो. पण मी त्याच हिशोबात सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, कात्रज असा मोठा फेरा मारायला गेलो. केतकावळ्याच्या अलीकडे पायातलं बळ कुणी नळ बंद करावा तसं गेलं, घाम गार पडला, डोकं चालेना, आणि का कोण जाणे रडूच यायला लागलं. टपरीवर पार्ले-जीचा पुडा घेतला आणि उभ्या उभ्या अख्खा संपवला, चहात बुडवायचंसुद्धा भान नव्हतं.

तर काहीतरी खायचं, हलकं खायचं, हे ठरलं. पण काय ते ठरवताना माझ्याकडे एक चाळणी आहे जी कुठल्याच आहारतज्ज्ञाकडे नसेल. आवाज. ओट्स-केळ्याची स्मूदी बेस्ट म्हणतात, पण पावणेपाचला मिक्सर लावून दाखवा. उपमा म्हणजे मोहरी तडतडणार, शिवाय फोडणीचा वास बेडरूमपर्यंत जाऊन माणसं उठवतो. राजगिऱ्याची वडी गुणी, पण तिचा प्लॅस्टिकचा कागद दिवसा कधी ऐकू आला नसेल इतका पहाटे वाजतो. आणि लाडवाचा स्टीलचा डबा! झाकण निघता निघत नाही आणि निघतं तेव्हा खाली पडून गोल गोल फिरत बसतं.

केळं बिचारं मुकं. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम कार्ब्स, आणि लांबच्या राईडला तासाला 30 ते 60 ग्रॅम लागतात म्हणतात, म्हणजे एक खाऊन निघायचं आणि दोन जर्सीच्या मागच्या खिशात. फक्त ती खिशात घालून वाकून चालवताना त्यांचं शिकरण होतं.

शेवटी माझं गाडं येऊन थांबलं ते शिळ्या पोळीवर. रात्रीच एक पोळी बाजूला काढायची, तिला बोटभर तूप, बारीक चिरलेला गूळ, कणभर मीठ, आणि गुंडाळी करून वाटीखाली झाकायची. पहाटे अंधारात उभ्यानं खायची, ताटली नको की चमचा नको. तूप बेतानंच, नाहीतर पुन्हा पोह्यांची गत. शाळेत असताना हीच गुंडाळी हातात कोंबून आई रिक्षात बसवायची, तेव्हा मी ती कोपऱ्यावरच्या कुत्र्याला द्यायचो.

परवा असाच अंधारात पोळी चावत उभा होतो, अगदी श्वाससुद्धा हळू घेत. तर हॉलमधून बाबांचा आवाज, चांगला खणखणीत, "चार वाजल्यापासून जागा आहे मी. पोळी खाऊन झाली असेल तर चहा टाक, आणि आलं ठेच जरा."

खलबत्ता काढला.