वाऱ्यात वाजणारं कुंपण शांत करताना: माझा अनुभव

वारा सुटला की आमच्या बागेचं कुंपण वाजायला लागायचं. आधी एखादी टकटक, मग झोत वाढला की अख्ख्या रांगेची खडखड. दिवसा त्याकडे कानाडोळा करता येतो, रात्री मात्र झोपेचं खोबरं होतं. पाहुण्यांपैकी दोघातिघांनी ‘सगळं काढून नवंच बसवून घ्या’ असा सल्ला दिला. मला ते पटेना. लाकूड चांगलं होतं, खांब जागचे हलत नव्हते. चांगलं कुंपण केवळ वाजतं म्हणून मोडीत काढणं माझ्या जिवावर आलं होतं.

आमचं कुंपण म्हणजे सिमेंटच्या खांबांना उभ्या खाचा आणि दोन खांबांच्या खाचांमध्ये वरून सरकवलेली लाकडी पॅनेलं. खाच साधारण ५ सेंटिमीटर रुंद, पॅनेलची चौकट ४ सेंटिमीटर जाड. ही फट मुद्दामच ठेवलेली असते. ती नसती तर पॅनेल खाचेत उतरलंच नसतं, आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकूड अडकून बसलं असतं. पण त्याच एका सेंटिमीटरमध्ये पॅनेलला मागेपुढे आपटायला मोकळीक मिळते. सोसाट्याचा वारा एकसारखा वाहत नाही, तो झोताझोतानं येतो. झोत आला की चौकट खाचेच्या एका कडेवर आदळते, ओसरला की मागे येते.

जोर किती असतो त्याचा ढोबळ हिशेब मी केला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. १.८ मीटर लांब आणि तेवढ्याच उंच भरीव पॅनेलवर ताशी ३६ किलोमीटरचा वारा साधारण २० किलो वजनाइतका जोर लावतो, ताशी ७२ किलोमीटरचा सुमारे ८० किलोइतका. त्यामुळे नुसत्या चिकटपट्टीनं किंवा दोरीनं भागणार नाही, हे तेव्हाच लक्षात आलं.

खरं काम होतं ते आवाज नेमका कुठून येतो हे शोधण्याचं, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. ऐन वाऱ्यात बाहेर उभं राहून मी एकेका पॅनेलच्या कडेवर तळवा दाबून धरत गेले. ज्यावर दाब देताच आवाज थांबायचा, त्यावर खडूनं फुली. सगळीच वाजतात असं वाटत होतं, पण फुल्या मोजक्याच पडल्या. वारा पडल्यावर त्याच पॅनेलांना मधोमध धरून पुढेमागे ढकललं. खाचेतून ‘टक्’ असा बसका, जड आवाज आला तर दोष फटीचा. नुसती पातळ खुळखुळ ऐकू आली तर पॅनेलच्या चौकटीवर ठोकलेल्या एखाद्या लाकडी पट्टीचा खिळा सैल झालेला. हे दोन आवाज वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं असं मी म्हणेन, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. खांब हलवून पाहायलाही विसरू नका. खांबच डुलत असेल तर आधी त्याचा पाया पाहावा लागतो, तिथे पाचरी ठोकून काही होत नाही.

सैल पट्ट्यांचं काम झटपट झालं. गुळगुळीत खिळे ऊन-पावसानं हळूहळू बाहेर सरकतात. ते काढले, जुन्या भोकाच्या थोडं बाजूला बारीक ड्रिल मारलं आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले. ड्रिल न मारता पट्टीच्या टोकाशी स्क्रू पिळला तर पट्टी उभी चिरते.

फटीसाठी काय भरायचं यावर मात्र बराच विचार केला. सिमेंटचा गिलावा भरला असता तर पॅनेल कायमचं जखडलं असतं, रंगवायला किंवा बदलायला निघालं नसतं. फुगणारा फोमही नको वाटला. तो उन्हानं ठिसूळ होतो, आणि खाचेतलं पाणी अडलं की लाकूड तिथूनच कुजायला लागतं. मला पॅनेल जखडायचं नव्हतं, फक्त त्याची मोकळीक काढून घ्यायची होती. म्हणून लाकडी पाचर आणि रबर अशी जोडी ठरवली.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. नवरा पहारीच्या टोकानं पॅनेल हलकेच माझ्याकडे ओढून धरायचा आणि मी खाचेच्या पलीकडच्या कडेला पट्टी सारायची. मग अलीकडच्या बाजूनं, चौकट आणि खाचेची कड यांच्यामध्ये पाचर. पाचरी कीड-बुरशी रोखणारं द्रावण पाजलेल्या लाकडाच्या केल्या, पातळ टोक ४ मिलीमीटर, जाड टोक १२. लाकडाच्या रेषा पाचरीच्या लांबीला धरून हव्यात, आडव्या असतील तर पहिल्याच ठोक्याला दोन तुकडे होतात. ठोकायचं तेही लाकडी हातोडीनं, बेतानं. आवाज ‘ठक’चा ‘ठप्’ झाला की थांबायचं. जास्त जोर केला तर खाचेच्या कडेचा कपचा उडतो, आतल्या सळईपर्यंत पाणी जातं आणि गंज धरतो.

नुसती ठोकलेली पाचर टिकत नाही. वाऱ्याच्या सततच्या हादऱ्यानं ती सैल होऊन गळून पडते. म्हणून प्रत्येक पाचरीचं जाड टोक खाचेबाहेर दोन बोटं राहू दिलं आणि त्यातून एक स्क्रू चौकटीत पिळला. पॅनेल काढायचं झालं तर तो स्क्रू सोडला की झालं. पाचरी सगळ्या एकाच बाजूनं घातल्या, म्हणजे पॅनेल पलीकडच्या रबरावर सपाट दाबून बसतं. प्रत्येक कडेला एक वरच्या टोकाजवळ आणि एक मधल्या उंचीला. तळाशी मुद्दाम काही घातलं नाही, तिथून पाणी निघून जायला वाट हवी.

पुढच्या वादळी रात्री पॅनेलं गप्प होती, पण एक किणकिण उरलीच होती. ती फाटकाच्या कडीची निघाली. कडी ज्या कोयंड्यात जाते त्याच्या आत उरलेल्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, तीही थांबली. आता उन्हाळ्याच्या अखेरीला, लाकूड सगळ्यात सुकलेलं असतं तेव्हा, एकदा सगळ्या पाचरी हातानं हलवून बघते. एखादी सैल लागली तर स्क्रू सोडून तिला थोडी आत सारायची आणि पुन्हा आवळायची, एवढंच काम उरतं.