माझा अनुभव : पेटीतले ड्रॉवर्स आणि अकरा आठवड्यांची वाट

एका संग्रहालयाच्या उत्तरासाठी मी अकरा आठवडे थांबले आणि शेवटी माझाच अंदाज माझ्या हातात परत आला. तो राग अजून उतरलेला नाही. जुन्या कपड्यांची पेटी घेऊन बसलेल्या आणखी कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहिते आहे.

मी नॉटिंगहॅमला राहते, शिवणकाम करते. शेजारच्या आजी गेल्या, तेव्हा घर आवरताना त्यांच्या मुलीने एक पेटी माझ्यापुढे ठेवली. आत बायकांचे आतले कपडे : शेमीज (सैल आतला झगा), स्लिप (पोशाखाखाली घालायचा झगा), कॅमिसोल (आखूड आतली चोळी) आणि गुडघ्याखाली पोचणारे ड्रॉवर्स (सैल चड्डी), सगळ्यांना लेस. "हे माझ्या पणजीच्या लग्नातले, १८७० च्या सुमाराचे," ती म्हणाली. ते खरं आहे का, एवढंच तिला हवं होतं.

तीन कपड्यांनी त्रास दिला नाही. स्लिपच्या आत तोंड उघडलेल्या दोन वर्तुळांचा शिक्का आणि ४१ हा आकडा होता. ब्रिटनमध्ये युद्धकाळातल्या नियंत्रित कपड्यांवरची ही खूण १९४१ पासून १९५२ पर्यंत वापरात होती. कॅमिसोलची चकचकीत लेस कृत्रिम रेशमाची निघाली. कोर्टोल्ड्स कंपनीने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत व्हिस्कोज, म्हणजे हेच कृत्रिम रेशीम, काढायला सुरुवात केली १९०५ मध्ये, म्हणजे तीही १८७० ची नव्हे. शेमीज आईला व्हिडिओवर दाखवली. "अगं, दुसऱ्यांच्या आतल्या कपड्यांत काय बघत बसलीस?" असं आधी म्हणाली आणि मग स्वतःच चश्मा लावून खांब (क्रोशातले उभे टाके) मोजायला लागली. "क्रोशाची आहे. साखळी बघ, एकसारखी नाही. हातचं काम आहे." आईचं बरोबर होतं. यंत्राला खरा क्रोशा जमत नाही. त्याची नक्कल मात्र १८८० च्या दशकापासून निघाली. कापडावर यंत्राने भरतकाम करून खालचं कापड रसायनाने विरघळवून टाकायचं. त्यात दोरा एका फाशातून दुसरा फासा काढत जात नाही, नुसता टाक्यांचा गुंता दिसतो. पण क्रोशा हातचा आहे एवढ्यावरून साल कळत नाही, म्हणून शेमीजपुरतं मी तिथेच थांबले.

राहिले ड्रॉवर्स. मऊ पांढरं सुती कापड, बारीक टक (शिवून घातलेल्या चुण्या), पायांच्या कडेला बोटभर रुंद लेस, पट्ट्यावर लाल दोऱ्याने भरलेली दोन अक्षरं आणि ४ हा आकडा. अशा आकड्याला वर्ष समजू नका. अंतर्वस्त्रं डझनाने शिवून घेत आणि धोब्याकडून परत आली की मोजणी लागावी म्हणून त्यांना क्रमांक घालत. मला अडवलं ते कमरेच्या टिचबटणाने. टिचबटण कपड्यांवर सर्रास दिसू लागलं ते विसाव्या शतकात, तर ड्रॉवर्सची घडण त्याहून जुनी वाटत होती.

म्हणून एका संग्रहालयाचा चौकशीचा अर्ज भरला. त्यात "वस्तूचा काळ" आणि "लेसचा प्रकार" हे दोन रकाने सक्तीचे. मी विचारत होते तेच मला लिहायला लावत होते! रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. "माहीत नाही" असा पर्यायच नव्हता. शेवटी "१८५०–१९००" आणि "हाताची" निवडलं. फोटो फक्त तीन, तेही लहान करून. पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ, असा निरोप लगेच आला. पाच आठवड्यांनी फोन केला तर कळलं, अर्ज पोशाखांच्या विभागात गेलाय, लेस दुसरीकडे बघतात, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवला. पेटी माझ्या शिवणाच्या टेबलावर, आजींची मुलगी दर रविवारी विचारतेय, आणि मी रोज सकाळी ईमेल उघडतेय. अकराव्या आठवड्यात दोन ओळी आल्या : बहुधा १८५० ते १९००, लेस हाताची असावी. माझेच शब्द! कपडा कुणी पाहिलाच नव्हता. तेव्हा अशा अर्जात अंदाज कधीही लिहू नका. सक्तीच असेल तर सर्वांत मोठा काळ निवडा आणि वर्णनात स्पष्ट लिहा की हे मला ठाऊक नाही.

शेवटी दुसऱ्या एका गावच्या छोट्या संग्रहालयात, लोकांच्या वस्तू बघून देण्याच्या दिवशी गेले. तिथल्या निवृत्त स्वयंसेविका बाईंनी दहा मिनिटं घेतली. ड्रॉवर्स आधी उलटे केले. (हे मी घरीच करायला हवं होतं.) लेसखाली काळा कागद ठेवला, भिंग माझ्या हातात दिलं. हाताच्या लेसमध्ये भरीव पाकळी विणलेल्या कापडासारखी दिसते, दोरा वर-खाली जातो. इथे पाकळीत बारीक उभ्या रेघा होत्या. शिवाय एक छोटी चूक दर नमुन्यात नेमकी त्याच जागी येत होती. हाताची चूक अशी मोजून येत नाही. म्हणजे फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन्स गावच्या धाटणीची, पण यंत्राची लेस, लीव्हर्स नावाच्या लेस विणणाऱ्या मागावरची. ते यंत्र १८१३ च्या सुमाराला आमच्याच नॉटिंगहॅमात निघालं!

कापडाला त्यांनी "नेनसूक" म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आपलं नैनसुख, भारतातलं मऊ सुती कापड!

मग त्यांनी टिचबटणाखालचा पट्टा उजेडासमोर धरला. त्याच्या शेजारी चार बारीक भोकं, आणि समोर काज बुजवल्याची खूण. मूळचं बटण गेलं होतं, टिचबटण नंतरचं. दोन पायांमधली शिवणही वेगळ्या दोऱ्याची. जुने ड्रॉवर्स मध्ये उघडे असत. दोन सुटे पाय फक्त कमरपट्ट्याला जोडलेले, कारण कॉर्सेट (कंबर आवळणारं आतलं वस्त्र) आणि परकरांच्या थरांखाली ते काढता येत नसत. हे कुणीतरी पुढे शिवून बंद केले होते. मी अकरा आठवडे दुरुस्तीच्या टिचबटणाकडे बघत बसले होते. कापड, लेसची धाटणी आणि यंत्राची शिलाई एकत्र धरून बाईंनी १९०० ते १९१० सांगितलं.

मुलीने घरचे कागद पुन्हा काढले. पट्ट्यावरची अक्षरं मुलीच्या पणजीची नव्हती, मुलीच्या आजीची होती. त्या आजीचं लग्न १९०६ चं. मुलगी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. पेटी दानाच्या दुकानात देऊन टाकायची गोष्ट मग निघालीच नाही.

आणखी एक, आत्ता आठवलं : काही कळायच्या आत कपडा धुऊ नका, ब्लीच तर नाहीच. बटणाची भोकं आणि जुन्या दोऱ्याचे तुकडे धुताना पुसट होतात, निघून जातात. ठेवताना खळ नको, तिला कसर लागते; प्लास्टिकची पिशवीही नको, आम्लरहित कागद घ्या. मधली शिवण उसवून "मूळ रूपात" आणू का, असं मी विचारलं होतं. बाई नको म्हणाल्या. ती शिवणही कुणीतरी कपडा वापरता यावा म्हणूनच घातली होती. ती तशीच आहे.